नकाशावर एका बोटाचं अंतर

नव्या घरात सगळं होतं, फोन तेवढा नव्हता.

पद्माकर देवस्थळींना आधी त्याचं काही वाटलं नव्हतं. करोल बागेत भाड्याच्या दोन खोल्यांत अर्धं आयुष्य गेल्यावर गाझियाबादच्या हद्दीत सोसायटीचा स्वतःचा फ्लॅट मिळाला. दिवाळी झाल्यावर ते आणि त्यांची बायको अरुणा सामान घेऊन राहायला आले, आणि पहिले काही दिवस दोघं नुसतीच खिडक्या उघडून बंद करून बघत राहिली. बाहेर अजून मोहरीची शेतं होती. शेतांत मधेमधे खांब रोवून पाट्या लावल्या होत्या, आणि कोणत्या शेतात कोणतं मार्केट होणार ते त्यांवर लिहिलं होतं. फोनसाठी अर्ज केला होता. नंबर लागला की येईल म्हणत. कधी लागेल ते कोणी सांगत नव्हतं. तिकडे करोल बागेतलं घर मालकांनी बिल्डरला देऊन टाकलं आणि बिल्डरने पाडायला घेतलं. मालकांच्या दिवाणखान्यात एक फोन होता, ज्यावर अधूनमधून मयुराचा आवाज यायचा. तोही गेला.

मयुरा त्यांची एकुलती एक मुलगी. ती जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, डॉक्टरकी शिकत होती. जॉर्जिया म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत देशाच्या दक्षिण टोकाला डोंगरांत वसलेलं एक प्रजासत्ताक. नव्या घराचा पत्ता त्यांनी तिला लगेच पत्राने कळवला होता, पण तिकडची पत्रं हल्ली फार वेळ घेत, काही पोचतच नसत. म्हणजे आईबापांपर्यंत पोचायला तिच्याजवळ आता एकच खात्रीचा नंबर उरला होता, बाबांच्या ऑफिसचा. आणि ते ऑफिसही, सोव्हिएत देशच मोडायला लागल्याने, बंद व्हायला आलं होतं.

हे सगळं एकदम पद्माकरांच्या लक्षात आलं ते डिसेंबरातल्या एका रविवारी, खालच्या मजल्यावर भाटियांच्या घरी.

भाटियांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि सोसायटीत पहिली केबल त्यांनी घेतली होती. जिना उतरणाऱ्या प्रत्येकाला ते आत ओढत. "आओ जी देवस्थली साब, दूरदर्शन छोड़ो, आज आपको दुनिया दिखाते हैं!"

दुनिया दिसली. एक रुंद रस्ता, पानं झडलेली झाडं, आणि एका मोठ्या इमारतीच्या खिडक्यांतून निघणारा काळा धूर. माणसं गोळ्या चुकवत वाकून पळत होती. बातमी देणाऱ्या बाईने गावाचं नाव घ्यायच्या आधीच पद्माकरांनी ती इमारत ओळखली. ते तिथे कधी गेले नव्हते. पण 'शहराच्या मुख्य हमरस्त्यावर शासनभवनाची स्तंभयुक्त वास्तू दिमाखात उभी आहे' हे वाक्य त्यांनीच ऑफिसच्या पुस्तिकेसाठी मराठीत लिहिलं होतं. 'स्तंभयुक्त' ठेवावं की 'खांबांची' करावं यावर एक अख्खी दुपार घालवली होती. आता त्या खांबांमागून ज्वाळा येत होत्या.

"आपकी बिटिया उधर ही है ना कहीं? रशिया में?" भाटियांनी विचारलं.

"रशिया बहुत बड़ा है," पद्माकर म्हणाले. हे खरं होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

ते जिना चढून घरी आले. वर अरुणा वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली. "काय म्हणतायत भाटिया? चेहरा का असा झालाय?"

"काही नाही. मॉस्कोत काहीतरी गडबड चाललीय."

"मयुराकडे?"

"तिकडे काही नसतं. लहानसं प्रजासत्ताक. हवामान सौम्य आहे, लोक अगत्यशील..." बोलता बोलता ते थांबले. ते पुस्तिका म्हणून दाखवत होते.

अरुणाने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. "बरं," ती म्हणाली.

पद्माकर मराठीच्या टेबलावर बसत. कॅनॉट प्लेसजवळच्या एका गल्लीत हे ऑफिस होतं. तिथून सोव्हिएत देशाची माहिती देणाऱ्या पुस्तिका आपल्या देशातल्या बहुतेक भाषांत निघत. प्रत्येक प्रजासत्ताकाची एक पुस्तिका, आणि प्रत्येकीत तीच चार प्रकरणं: भूमी, लोक, शासन, अर्थव्यवस्था. मुखपृष्ठ गुळगुळीत, फोटो रंगीत. वाचणारे किती होते कोण जाणे. शाळेच्या वह्यांना कव्हरं घालायला मात्र त्या कागदाला दिल्लीभर मागणी होती. पद्माकर भिडस्त माणूस. अनुस्वार राहिला तर छापखान्याला तीन चिठ्ठ्या पाठवणारे, पण मजकूर खरा आहे की नाही हे विचारणं आपलं काम नाही असं समजणारे.

मयुराला दिल्लीत मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, थोडक्यात हुकला. ऑफिसातल्यांच्या मुलांना तिकडची शिष्यवृत्ती मिळू शकत होती. नेमकी तेव्हा जॉर्जियाची पुस्तिका त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी तपासायची मुद्रितं घरी आणून तिला वाचून दाखवली. डोंगर, द्राक्षाचे मळे, चहाचे मळे. निरनिराळ्या जमाती सलोख्याने नांदतात. गुन्हे जवळजवळ नाहीत.

"हे तुम्ही लिहिलंय की त्यांनी?" मयुराने विचारलं होतं.

"त्यांनी. मी फक्त मराठी केलं."

"मग तुम्हाला काय वाटतं बाबा? जाऊ का?"

त्यांना काय वाटतं असं त्यांना फारसं कोणी विचारत नसे. ते गोंधळले होते. "चांगलंच असणार," म्हणाले होते, "एवढं छापलंय म्हणजे."

त्या रविवारी अरुणा भाजी टाकायला गेली तेव्हा त्यांनी कपाटातून ती पुस्तिका काढली आणि न्हाणीघरात नेऊन कडी लावली. शेवटच्या पानावर शहराचा नकाशा होता. मधून वाहणारी नदी, हमरस्ता, शासनभवन, आणि त्याच्या शेजारी लाल क्रूस काढलेलं मेडिकल कॉलेज. हॉस्टेल कॉलेजच्या आवारातच होतं. त्यांनी नकाशावर करंगळी आडवी ठेवली. शासनभवन आणि मयुरा यांच्यामध्ये एका बोटाचं अंतर होतं.

आणि मग एक गोष्ट आठवली, जी त्याहून वाईट होती.

मूळ पुस्तिकेत घडी उलगडून बघायचा मोठा नकाशा होता. मराठीला तेवढा कागद मंजूर झाला नाही, एकच पान मिळालं. ऑफिसच्या चित्रकाराने विचारलं होतं, काय कापू? कॉलेज पार कडेला होतं, तेच कापलं जाणार होतं. पद्माकर लाजत लाजत म्हणाले होते, एवढं कॉलेज राहिलं तर बरं. चित्रकार हसला होता. "बेटी जा रही है ना? चलो, बेटी को अंदर ले आते हैं." आणि त्याने मधला भाग काढून टाकून कॉलेज आत सरकवलं. किती सरकवलं? चौकटीत यावं एवढंच, की अर्धं शहर ओलांडून? पद्माकरांनी तेव्हा विचारलं नव्हतं. लेकीचं कॉलेज छापून येणार म्हणून ते खुशीत होते. नकाशाखाली प्रमाणही दिलेलं नव्हतं. आता त्यांना मधलं जे कापलं ते हवं होतं, आणि ते कुठेच नव्हतं.

"अहो, आत काय करताय इतका वेळ?" अरुणाने दार वाजवलं.

"आलो," ते म्हणाले. पुस्तिका बनियनमध्ये खुपसून त्यांनी उगाच नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी धुक्यात बस सापडेपर्यंतच अर्धी सकाळ गेली. यमुनेच्या पुलावर तर काहीच दिसत नव्हतं; कंडक्टर खाली उतरून बसच्या पुढे चालत होता. ऑफिसात पोचले तेव्हा जिन्यावरून कपाटं उतरवली जात होती. रद्दीवाले गठ्ठे बांधत होते. बाकीच्या भाषांची माणसं कधीच गेली होती. हिंदीच्या टेबलाचे मिश्राजी तेवढे टेबलाशिवाय, खुर्चीवर कोट अंगाभोवती लपेटून बसले होते.

"आइए देवस्थली बाबू! आइए. जिस देश के हम नौकर थे, सुना है वो देश ही छुट्टी पर जा रहा है."

"फोन चालू है?" पद्माकरांनी विचारलं.

फोन चालू होता. काळा, जड, जमिनीवर ठेवलेला. खालचं टेबल कोणी नेलं होतं. तो चालू होता कारण बंद करा असं सांगणारं कोणी उरलं नव्हतं. मिश्राजींचं म्हणणं, वर्ष संपेपर्यंत राहील. पुढचं बिल कोण भरणार?

पद्माकरांनी जॉर्जियाचं नाव काढलं तसा मिश्राजींचा चेहरा बदलला. ते उठले आणि स्वतः आत जाऊन गठ्ठे सोडायला लागले. मूळ रशियन पुस्तिका, मोठ्या नकाशाची. दोघं धुळीत गुडघ्यांवर बसले. ताजिकिस्तान निघालं, एस्तोनिया निघालं, युक्रेनच्या तर चाळीसेक प्रती. रद्दीवाला दारात उभा राहून बघत होता. "बाबूजी, बड़े कागज़वाली? तह खुलनेवाली?" तो म्हणाला. "वो तो पहले दिन गईं. पतंगवाले ले गए सब."

पद्माकर युक्रेनच्या गठ्ठ्यावर बसले. बसल्यावर फोन हाताशी येत होता. ते तिथेच बसून राहिले.

मग रोज तेच. सकाळी धुकं, बस, गठ्ठा, फोन. अरुणाला सांगत, ऑफिसातलं आवरायचंय. घरी मराठी वर्तमानपत्र दोन दिवस उशिरा यायचं, त्यात या बातमीला चार ओळी. तेवढं पान ते आधीच काढून घ्यायचे. फोन दिवसातून तीनचारदा वाजायचा. पहिल्यांदा वाजला तेव्हा उचलायच्या घाईत रिसीव्हर खाली पडला.

"हॅलो! मयुरा? हॅलो!"

"हाँ जी, लक्ष्मीनगर से बोल रहे हैं," पलीकडून एक बाई म्हणाली. "इस साल आपका कैलेंडर निकलेगा क्या?"

"नहीं," पद्माकर म्हणाले.

"पिछले साल वाला भी चलेगा जी. बच्चों की कॉपियों पर चढ़ाना है."

मिश्राजी हसले, मग त्यांचं त्यांनाच बरं वाटलं नाही. "रखिए बहनजी, रखिए," त्यांनी रिसीव्हर ओढून घेत सांगितलं, "यहाँ ज़रूरी फोन आना है."

मधल्या सुटीत पद्माकर कोपऱ्यावरच्या पीसीओत जात आणि हॉस्टेलचा नंबर फिरवून घेत. काचेच्या खोक्यात कान बधिर होईपर्यंत उभं राहायचं. त्या मार्गावरच्या सर्व लाइन्स व्यस्त आहेत असं एक शांत बाई आधी हिंदीत, मग इंग्रजीत सांगायची. तिच्या शांतपणाची त्यांना भीती वाटायला लागली. एकदा ते धीर करून सरकारी कचेरीतही जाऊन आले. तिथला तरुण अधिकारी चांगला होता, त्याने चहा मागवला. पण त्यालाही कळत नव्हतं की जॉर्जियासाठी आता कोणाला विचारायचं. मॉस्कोला कळवलंय म्हणाला. मॉस्को अजून त्याच देशात आहे का, असं पद्माकरांच्या मनात आलं. विचारायची हिंमत झाली नाही.

रात्री ते डोळे मिटून नुसते पडून राहत. मनात नकाशा यायचा आणि कॉलेज सरकायला लागायचं. कधी नदीपलीकडे जायचं, तेव्हा जरा श्वास यायचा. कधी सरकत सरकत त्या जळत्या खांबांना येऊन टेकायचं. आपण आत आणलं तिला. चौकटीत दिसावी म्हणून आत आणलं. शेजारी अरुणाही हलत नसे. झोपली बिचारी, असं त्यांना वाटायचं.

वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. ऑफिसात आता दोन खुर्च्या, युक्रेनचा गठ्ठा आणि फोन एवढंच होतं. मिश्राजी उद्यापासून कानपूरला, मुलाकडे जाणार होते. त्यांनी घरून पुऱ्या आणल्या होत्या.

"खा लीजिए. भूखे पेट घंटी ज़्यादा ज़ोर से नहीं बजती."

पद्माकरांनी पुरी नुसतीच हातात धरून ठेवली. दुपार कलली. खिडकीतून येणारं ऊन भिंतीवर चढलं. बाहेर कोणीतरी नव्या वर्षाचे भोंगे वाजवत होतं. फोन वाजला तेव्हा मिश्राजी म्हणाले, "कैलेंडर होगा," आणि पद्माकरांनी उचलला.

खरखर. मग एका बाईचं अनोळखी भाषेतलं बोलणं. मग पुन्हा खरखर, आणि तिच्या तळाशी,

"बाबा?"

त्यांनी दुसऱ्या कानात बोट घातलं.

"बाबा, ऐकू येतंय का? करोल बागेला लागतच नाहीये! दहा वेळा लावला."

"ते घर सोडलं आपण. मयुरा, तू कुठे आहेस? हॉस्टेलमध्ये? ते शासनभवन तिथून किती लांब आहे?"

"काय?"

"कॉलेजपासून! किती लांब?"

"कॉलेज पार लांब आहे बाबा, टेकडीच्या पलीकडे. तिथे काही नाही." ती दम खात बोलत होती. "पण मी तिथे नाहीये. आम्हाला गावातल्या हॉस्पिटलात आणलंय. माणसं कमी आहेत म्हणून. इथूनच बोलतेय. खिडक्यांना गाद्या लावल्यात."

मागे काहीतरी धाडकन आपटल्यासारखं वाजलं. पद्माकरांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"ते काय होतं?"

"दार," मयुरा म्हणाली. तिला लहानपणापासून खोटं बोलता येत नसे. "बाबा, वेळ नाहीये. काही मुलं निघालीत, बस करून सरहद्दीकडे. तिथून मॉस्को, मग दिल्ली. काही थांबतायत. इथले डॉक्टर म्हणतात थांबा, हात हवेत. मी काय करू? तुम्हाला काय वाटतं?"

मिश्राजी उठून उभे राहिले होते. त्यांना मराठी येत नव्हती, तरी ते पद्माकरांच्या तोंडाकडे बघत होते.

पद्माकरांच्या डोक्यात वाक्यं आली. धीराची, जबाबदारीची, छापता येतील अशी. त्यांनी एक उचललंसुद्धा. मग ते म्हणाले, "मयुरा, मला भीती वाटते गं. मला फार भीती वाटते. तू ये."

लाइन गेली असं त्यांना वाटलं. मग ती रडत असल्याचं कळलं.

"मला पण," ती म्हणाली. "सगळे मला ब्रेव्ह ब्रेव्ह म्हणतायत. मला पण खूप भीती वाटते बाबा. मी येते. बसमध्ये जागा मिळाली की निघते. पण येऊ कुठे? पत्ता सांगा."

"पत्र नाही मिळालं?"

"ऑगस्टनंतर एकही नाही."

"लिहून घे. गाझियाबाद. दिल्लीत नाही, गाझियाबाद. यमुनेचा पूल ओलांडून पुढे, दिल्लीच्या बॉर्डरनंतर पाण्याची नवी टाकी आहे, तिच्यासमोर..." त्या वसाहतीत अजून रस्त्यांना नावं नव्हती. "तिच्यासमोर सोसायटीचं..."

खट्ट झालं. नुसता एकसुरी आवाज राहिला.

ते बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून बसले. पुन्हा वाजला नाही. संध्याकाळी तो एकसुरी आवाजही गेला. मिश्राजींनी वायर तपासली, खाली-वर केली, आणि फोन हळूच गठ्ठ्यावर ठेवला.

"ज़िंदा है ना बिटिया?"

"हाँ."

"आ रही है?"

"हाँ. लेकिन कहाँ आएगी, मिश्राजी?"

घरी पोचले तर दाराला कुलूप. ते तसेच मागे फिरले. खाली भाटियांचं दार उघडं होतं. आत टीव्ही चालू होता आणि अगदी त्याच्यासमोर, जमिनीवर, शाल पांघरून अरुणा बसली होती. पडद्यावर तोच रुंद रस्ता होता.

मिसेस भाटियांनी पद्माकरांना पाहिलं आणि जीभ चावली. "भाई साब, इन्होंने ही मना किया था. रोज़ दोपहर को आती हैं. बोलीं, साहब को मत बताना, उनका दिल कमज़ोर है."

अरुणा वळली. तिने त्यांचा चेहरा वाचला, उठली आणि बाहेर जिन्यावर आली. भाटियांचं दार स्वतः ओढून घेतलं.

"सांगा," ती म्हणाली. "आणि खरं सांगा. पुस्तिका नको. कपाटातून नाहीशी झाली तेव्हाच कळलं होतं मला."

त्यांनी सगळं सांगितलं. गाद्या लावलेल्या खिडक्या, दाराचा आवाज, बस. नकाशाचंही. आपण तिला आत आणलं तेही. बोलताना ते पायरीवर कधी बसले त्यांना कळलं नाही. अरुणा त्यांच्या शेजारी बसली.

"तुम्ही तिला नुसतं चित्रात आणलंत," ती म्हणाली. "हॉस्पिटलात ती तिच्या पायांनी गेली. आता पुढचं बोला. पत्ता किती कळला तिला?"

"पूल. टाकी. नंतर तुटलं."

"टाक्या काय एक आहेत? आणि ऑफिस?"

"उद्यापासून कुलूप."

"म्हणजे ती विमानतळावरून कुठे जाईल?" अरुणाने विचारलं, आणि दोघांनाही एकदमच कळलं. तिला दिल्लीत एकच घर माहीत होतं.

सकाळी पहिली बस धरून दोघं करोल बागेत गेली. भाड्याच्या घराची मागची बाजू पडली होती. स्वयंपाकघर आभाळाला उघडं होतं, फडताळाचे हिरवे चौकोन अजून भिंतीवर दिसत होते. रस्त्याकडची भिंत मात्र उभी होती, आणि तिच्यात दार. चौकीदार विटांच्या मागे शेकोटी करून बसला होता. अरुणाने त्याला मयुराची गोष्ट सांगितली, तिचा फोटो दाखवला, आणि विचारलं, "भैया, ये दीवार कब तक रहेगी?"

"ठेकेदार जाने. कल कहे तो कल."

कोपऱ्यावरच्या रंगवाल्याकडून त्यांनी काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला. पद्माकरांनी भिंतीवर दाराशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं, मयुरा. खाली पत्ता लिहिला. मग मागे सरून बघितलं. पत्ता पुरेसा वाटेना. तिथल्या कोणालाच आपलं घर सापडत नाही, रिक्षावालेही विचारतात.

"नकाशा काढा," अरुणा म्हणाली.

"मी?"

"मग कोण? मी?"

रंगाचे ओघळ येत होते. त्यांनी दारापासून सुरुवात केली. पंचकुइयाँ रस्ता, कॅनॉट प्लेसचं वर्तुळ, आयटीओचा चौक. दर ठिकाणी ते थांबून पावलांनी मोजल्यासारखं हातांनी अंतर मोजत होते. जाणारे-येणारे उभे राहायला लागले.

"यमुना फार अलीकडे आली," अरुणा म्हणाली.

"आली का?"

"बसला किती वेळ लागतो तिथपर्यंत! सरकवा पुढे. आपलं घर जवळ दाखवायला जाऊ नका."

"नाही दाखवत."

त्यांनी यमुना पुढे सरकवली. पूल, गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर, बॉर्डर. बॉर्डरपाशी भिंत संपली. टाकीला आणि सोसायटीला जागाच उरली नाही. पलीकडे बोळ होता आणि बोळापलीकडे शेजारच्या कापडवाल्याची भिंत, नुकती चुन्याने रंगवलेली. पद्माकरांनी आयुष्यात कोणाची भिंत खराब केली नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कापडवाला गल्ल्यामागून मान उंच करून बघत होता.

"विचारा त्याला," अरुणा म्हणाली.

"नको म्हणाला तर?"

"तरी विचारा."

ते ब्रश हातात धरून बोळ ओलांडायला लागले. ब्रशमधून रंग गळत होता, आणि त्यांच्यामागे रस्त्यावर काळ्या ठिपक्यांची एक रेघ उमटत गेली.